हेडविगबाईसाहेबांच्या सुतकाची हकीकत

श्री. ज्याने दिवस केले आणि ते मोजावयास माणसे ठेविली, त्यास नमन. शके सोळाशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सर, इसवी सन सतराशे, ते साली जर्मन मुलखात जे वर्तमान घडले ते ऐसे. त्या मुलखी लहान लहान संस्थाने फार, इतकी की एका राजास शिंक आली तर शेजारच्या तीन राजांनी आपल्या गादीवरूनच शतंजीव म्हणावे. त्यापैकी एका संस्थानची ही हकीकत. किल्ला एक, तोफा दोन, त्यातील एक तडकलेली, बाकी सफरचंदाच्या बागा. राज्य आल्ब्रेख्त महाराज करीत होते. त्यांस दुसऱ्या तशाच टीचभर संस्थानची कन्या हेडविगबाईसाहेब सतराव्या वर्षी दिली, आणि सासरच्या शिवेवर येताच बाईसाहेबांचे माहेरचे वस्त्र, जोडे, केसांतील पिनासुद्धा उतरवून सासरचे सर्व अंगावर चढविले, ऐसी त्या देशी चाल. माहेरची म्हणून एक बार्बरा दाई तेवढी आहे त्या कपड्यांत आत येऊ दिली, कारण बाई अंगाने आडवी, तिच्या मापाचे कोणापाशी काही निघेना.

मग आठ वर्षे गेली आणि दोन वेळा गर्भ राहून दोन्ही वेळा गेला, आणि मग सन सोळाशे नव्याण्णव, फेब्रुवारीची चोवीस तारीख, कन्या झाली. नाव थेआ ठेविले. महाराजांस पुत्र पाहिजे होता, त्यांनी तोफ उडवावी की न उडवावी याचा विचार चालविला, तो बार्बरा दरवाजातून बोलिली, "तडकलेली उडवा म्हणावं. मुलगीच आहे, तेवढ्यात भागेल." बाईसाहेब बाळंतखाटेवर हसल्या. त्या संस्थानात आल्यापासून इतक्या मोकळ्या प्रथमच हसल्या, ऐसे दाई पुढे सांगत असे.

दरबारचे कारभारी फॉन क्निप. उंच, कोरडे, रिवाजाचे पुस्तक बगलेत धरूनच हिंडावयाचे. पुढील वर्षी त्यांनी फर्मान वाचून दाखविले की, आपले पंचांग सूर्याच्या मागे पडले आहे, आसपासच्या संस्थानांनी एकमते ठरविले आहे, तरी सर्वांनी फेब्रुवारीच्या अठरा तारखेस निजावे आणि उठावे ते मार्चच्या पहिलीस. जुन्या मोजणीने त्या साली फेब्रुवारी एकोणतीस दिवसांची होती, तेव्हा मधले अकरा दिवस गाळिले. आपल्याकडे एखाद्या तिथीचा क्षय होतो. तेथे अकरांचा एकदम झाला.

बाईसाहेब म्हणाल्या, "क्निप, चोवीस तारखेस थेआचा वाढदिवस आहे."

"बाईसाहेब, यंदा चोवीस तारीख नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. फर्मान आहे."

"मग ती एक वर्षाची कधी होणार?"

क्निपांनी पुस्तक उघडिले, मिटिले आणि म्हणाले, "पुढील साली. दोन वर्षांच्या होतील तेव्हा."

"ऐका!" बार्बरा म्हणाली. "पोर एक न म्हणताच दोन म्हणणार. आजोळावर गेली हो, हुशार निघाली." आणि बाईसाहेबही हसल्या, कारण तेव्हा मूल मांडीवर होते आणि दाईच्या बोटास चावत होते.

अठरा: मुलीस थोडे पडसे.
एकोणीस: नाही.
वीस: नाही.
एकवीस: नाही.
बावीस: नाही.
तेवीस: नाही.
चोवीस:
पंचवीस: नाही.
सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस: नाही, नाही, नाही, नाही.
मार्च एक: अठराच्या रात्री निजलेली मुलगी उठली ती तापाने फणफणलेली.
मार्च दोन: ताप.
मार्च तीन: सकाळी नवाचे सुमारास गेली.

मग बाईसाहेबांनी काळे वस्त्र मागितले. वस्त्र आले नाही, क्निप आले. त्यांनी उभ्याने वाचिले की, ज्या अपत्याने एक वर्ष पुरे केले नाही त्याचे सुतक दरबार धरीत नाही. काळे वस्त्र नाही, घंटा नाही, राजघराण्याची थडगी असलेल्या तळघरातील दगडावर नाव नाही. हे ऐकून कोणी त्या लोकांस निर्दय म्हणू नये. दात न आलेल्या लेकराचे सुतक आपल्याकडेही कोणी पुरते धरीत नाही.

"चार दात होते तिला," बार्बरा म्हणाली. "हे पाहा." आणि तिने बोट पुढे केले. क्निपांनी बोटाकडे पाहिले नाही.

बाईसाहेब म्हणाल्या, "तिचे वर्ष पुरे झाले. चोवीस तारीख मागे पडली, आज तीन मार्च."

"तारखेने झाले, बाईसाहेब. परंतु दिवस तीनशे बासष्ट भरतात. तीन कमी."

"वाढदिवस मागितला तेव्हा तुम्ही तारीख पाहिलीत. मरण आले तेव्हा दिवस मोजता."

क्निपांनी पुस्तक चाळिले. यास उत्तर त्यात नव्हते.

मग बाईसाहेब महाराजांकडे गेल्या. महाराज खिडकीपाशी उभे होते, डोळे लाल होते, ते त्यांनी फिरविले नाहीत. म्हणाले, "ते दिवस झाले ऐसे मी म्हटले, तर थोरली संस्थाने म्हणतील, या चिमूटभर राजास पंचांग कळत नाही. आधीच आपणांस कोण मोजतो?"

"आणि तिला कोण मोजणार?"

"हेडविग, आपण अजून तरुण आहो."

मुलीस मागील दाराने तळघरात नेली, मातीआड केली आणि वर कोरा दगड बसविला. तिसरे दिवशी परराज्याचे वकील भेटीस आले आणि रिवाजाप्रमाणे बाईसाहेबांनी पिवळे रेशीम नेसून त्यांचे स्वागत केले. वकिलास काही ठाऊक नव्हते. त्याने आदबीने पुसिले, "आपल्या कन्या खुशाल आहेत ना? केवढ्या झाल्या?" क्निप खोकले. बाईसाहेब हसतमुखे म्हणाल्या, "अजून वर्षाची नाही."

पुढे दुसरे मूल झाले नाही. बावीस वर्षांनी महाराज वारले, गादीवर पुतण्या आला, आणि रिवाजाप्रमाणे एक वर्ष सर्वांनी काळे घातले, बाईसाहेबांनीही घातले. बार्बरा थकली होती, जीभ थकली नव्हती. ती म्हणाली, "काळं अंगावर आहेच, आता पोरीसाठीही रडून घ्या. कोण विचारतंय?"

"हे त्यांचे आहे, बार्बरा," बाईसाहेब म्हणाल्या. "त्यांच्यातले उसने आणून तिला द्यायचे नाही."

आणि मग सन सतराशे एकतीस, बाईसाहेबही गेल्या. मृत्युपत्र क्निपांनी वाचिले, वय ऐंशीच्या वर. त्यात लिहिले होते ते ऐसे: "थोरल्या राणीचे सुतक सहा महिने, ऐसे पुस्तक सांगते. ते माझे आहे, त्याचे मी हवे ते करीन. त्यातले पहिले अकरा दिवस माझ्या नावे धरू नयेत. ते माझी कन्या थेआ हिचे धरावेत. घंटा तिच्या नावाने वाजवावी, दगडावर तिचे नाव घालावे. तितके दिवस मी मातीआड न जाता उघडी थांबेन, मला घाई नाही."

नवे महाराज म्हणाले, "हे रिवाजात बसते काय?" क्निपांनी पुस्तक उघडिले आणि पाने उलटीत बसले. मना करणारे कलम कोठे मिळाले नाही. मृत राणीची शेवटची इच्छा मोडू नये, हे मिळाले.

मग घंटा वाजली. सफरचंदाच्या बागेतले लोक शिड्यांवरून उतरले आणि एकमेकांस पुसू लागले, "कोण गेले?" कोणी म्हणे राजकन्या, कोणी म्हणे या राज्यात राजकन्या कोठे आहे. बार्बरा दाई तोवर वारली होती, सांगणारे कोणी नव्हते. क्निप काठी टेकीत तळघरात उतरले. तेथे पाथरवट कोऱ्या दगडापुढे छिन्नी घेऊन बसला होता. नाव कोरून झाले होते.

"साहेब, वय काय घालू?"

पुस्तक क्निपांच्या बगलेत होते, ते त्यांनी उघडिले नाही. म्हणाले, "एक वर्ष घाल."

एवंच, बाईसाहेब सत्तावन्न वर्षे जगल्या, चाळीस वर्षे त्या संस्थानात नांदल्या, अकरा दिवस उघड्या थांबल्या. संस्थान पुढे थोरल्या राज्यात विरून गेले. ऐकिले तैसे लिहिले; मोजण्यात उणेअधिक झाले असेल तर वाचणाऱ्याने अधिकाकडे धरावे.