बाजूनं आंधळी गाडी

मी नवा ट्रक घेतला त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी तो समोरून पाहिला. बोनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं आणि नारळ घेऊन उभी असलेली माझी बायको. एकटे प्रभाकरराव कुणाशी न बोलता सरळ ट्रकच्या बगलेत गेले. कमरेवर हात ठेवून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी न्याहाळली आणि ऐन नारळ फोडायच्या वेळी म्हणाले, "गाडी दणकट आहे सुरेशराव. पण बाजूनं आंधळी आहे."

बायकोनं नारळ इतक्या जोरात आपटला की अर्धा नालीत गेला. पूजेच्या दिवशी कोणी असं बोलते का? पण प्रभाकररावांना दिवस, मुहूर्त, समोरच्याचा उतरलेला चेहरा यातलं काहीच दिसत नाही. त्यांना फक्त गाडीची बगल दिसते.

दिग्रसला त्यांची आणि माझी भिंत एक आहे, हे माझं नशीब. पंचायत समितीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावर माणसं शेती पाहतात, देव-देव करतात, नातवंडं खेळवतात. यांनी मोठ्या गाड्यांची बगल हाती घेतली. म्हणणं एवढंच, की ट्रकला पुढं दिवे असतात, मागं दिवे असतात, मधात काय? मधात अंधार. संध्याकाळी गाडी रस्त्यावर आडवी झाली की सायकलवाल्याला तिचं पोट दिसत नाही. हे त्यांनी मला टपरीवर चहा पिताना सांगितलं आहे, न्हाव्याकडे तोंडाला साबण लागलेला असताना सांगितलं आहे, आणि माझ्या सासऱ्याच्या तेरवीला पंगतीत वांग्याची भाजी वाढता वाढताही सांगितलं आहे.

पोळ्याला तर कहर केला. बैल झुली घालून, शिंगं रंगवून तोरणाखाली उभे, आणि हे लाल चमकपट्टीचं बंडल घेऊन एकेका बैलाच्या बरगडीवर पट्टी डकवत चाललेले. एक शेतकरी वैतागून म्हणाला, "काकाजी, बैलाले पाय आहेत, चाकं नाहीत."

"संध्याकाळी पायही दिसत नाहीत," प्रभाकरराव म्हणाले आणि पुढच्या बैलाकडे गेले.

त्यातून ते जाकीट. रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात तसलं नारंगी, पाठीवर दोन चमकते पट्टे. दुपारचा चहा झाला की ते अंगावर चढते. मग माणूस लग्नाला जावो की मयतीला, जाकीट काही उतरत नाही.

आणि खरी चीड आणणारी गोष्ट तर पुढंच आहे. एवढा सायकलवाल्यांचा कैवार घेणाऱ्या या माणसाला सायकल चालवता येत नाही. त्यांच्या घरात सायकल आहे ती सुधाकाकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची. डायनामोचा दिवा असलेली जुनी लेडीज सायकल. काकू रोज त्यावर आर्णी रोडच्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीपलीकडं देवीच्या देवळात जातात, भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि दिवेलागणीला परत येतात. केस पिकले तरी पायडल मारताना पाठ ताठ असते. मी एकदा प्रभाकररावांना म्हटलंही, की चालवतात काकू, त्या कधी बोलत नाहीत, मग तुम्हालाच काहून एवढी पंचाईत? ते माझ्या ट्रकच्या बगलेकडं बघत राहिले.

स्वतःला येत नाही म्हणून ते दुसऱ्यांना सायकलवर बसवतात. माझा ड्रायव्हर रामधन आर्णीकडच्या बंजारा तांड्यावरचा. त्यालाही एका संध्याकाळी बसवलं. तो परत आला तोच बदलून. मला म्हणतो, "शेठ, काकाजी खरं बोलून राह्यले. आमचे आजे-पणजे बैलांवर माल घालून हिंडायचे, तवा बैलाच्या गळ्यात घंटा राहे. अंधारातही समजे का काही येऊन राह्यलं. आपल्या ट्रकले काय हाय?" पगार माझा खातो आणि बोलतो त्यांच्या बाजूनं.

तरी मी सहन केलं. पण कापसाचा सीझन लागला आणि माझा ट्रक रोज संध्याकाळी जिनिंगच्या गेटात वळू लागला. वळताना तो सारा रस्ता अडवून आडवा होतो, त्याला माझा इलाज नाही, गेटच तसं आहे. प्रभाकरराव दोन्ही हात वर करून ट्रकपुढं उभे राहायला लागले. बगलेत दिवे लावल्याशिवाय वळू देणार नाही म्हणे. मागं गाड्यांची ही रांग. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मॅनेजरचा फोन आला, "तुमच्या त्या नारंगी म्हाताऱ्याले आवरा. नाही तं उद्यापासून दुसऱ्याचा ट्रक लावतो."

सीझन हातचा जायची वेळ आली म्हणताना माझं डोकं फिरलं. तसाच मोटारसायकल काढून गेटाजवळच्या मोडावर, म्हणजे वळणावर गेलो. प्रभाकरराव शांत उभे होते. म्हणाले, "एक वेळ सायकलवर बसा. त्या बाभळीपासून इथपर्यंत या. मग मी पुन्हा आडवा येणार नाही."

माझं वजन आणि मोडावरच्या टपरीवाल्याची मागून घेतलेली सायकल, दोघांची दया यावी असा प्रकार होता. पण कटकट मिटते म्हणून बसलो. बाभळीपासून निघालो तेव्हा उजेड गेल्यातच जमा होता. समोर डावीकडं एक पिवळा दिवा, उजवीकडं बराच लांब एक लाल दिवा. मी मनात म्हटलं, इकडं एक मोटारसायकल थांबली आहे, तिकडं एक ऑटो. मधून आरामात जाता येते. पायडल मारत गेलो. आणि एकदम नाकात कापसाचा आणि डिझेलचा वास शिरला. ब्रेक दाबेस्तोवर चाक टायरवर आदळलं आणि मी धुळीत.

प्रभाकरराव आले. हात द्यायचं नाव नाही. विचारतात काय, तर, "काय दिसलं?"

"दोन गाड्या."

"अन मधात?"

"रस्ता."

"नीट पाहा, ट्रक कोणाचा आहे?"

ट्रक माझा होता. रामधननं तो गेटाशी आडवा लावून ठेवला होता. माझाच ट्रक, रोज धुतलेला, हप्ते भरलेला, आणि मला तो दिसला नाही. कोपर सोलून निघालं होतं. मी ओरडलो, "काकाजी, तुम्ही जन्मात कधी सायकलवर बसले नाही. तुमचं काय जाते?"

ते माझ्याजवळ धुळीतच बसले. जाकिटाची चेन उगाच वरखाली करत म्हणाले, "बसलो आहे. मागं."

मग म्हणाले, "नोकरी लागली तेव्हा ऑफिस गावाबाहेर होतं. मले सायकल काही जमे ना. तुमच्या काकू मले कॅरिअरवर बसवून सोडून द्यायच्या. सारं दिग्रस हासे. ती कधी हासली नाही." जाकिटावरची धूळ झटकली. "मागच्या वर्षी यवतमाळले तिचे डोळे दाखवाले गेलतो. डॉक्टरनं मले बाहेर बोलावलं. डोळ्याचा पडदा कमजोर होऊन राह्यला म्हणे, ऑपरेशननंही होत नाही. संध्याकाळ झाली का तिले वस्तू दिसत नाही, नुसता उजेड दिसते. मी तिले सांगतलं नाही."

"मग सायकल बंद करा ना त्यांची."

"मी करू?" ते म्हणाले. "जिच्या मागं बसून मी नोकरी केली, तिले म्हणू, आता उतर?"

माझा राग गेला नव्हता, पण तो आता कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी ट्रकच्या दोन्ही बगलांत पिवळ्या दिव्यांची रांग लावून घेतली. मॅनेजरनं विचारलं, ट्रकचं लग्न काढलं का? मी म्हटलं, हो, तुम्हीही तुमच्या गाड्यांचं काढा.

त्या आठवड्यात सुधाकाकू पाटवडीची वाटी घेऊन आल्या. वाटी बायकोच्या हातात देऊन मला ओसरीवर एकीकडं घेतलं. "सुरेश, दिवे लावले ते बरं केलं. आता तुझ्या काकाजीले एक सांगशील का? मी भजनातून येते तेव्हा ते मोडावर टपरीच्या मागं लपून उभे राहतात. रोज. त्यांना वाटते मला दिसत नाही."

ते जाकीट घालून हा माणूस लपत होता. मला हसूही येईना. "काकू, तुम्हाला कसं..."

"माझ्या डोळ्यांना काय दिसते ते मलाच पहिले कळेल ना बावा. डॉक्टर दाराआड बोलला म्हणून काय झालं? मला माहीत आहे हे तू त्यांना कळू देऊ नको."

"सांगतो, उभे राहू नका म्हणून."

"तसं नाही रे," काकू म्हणाल्या. "म्हणावं, टपरीच्या मागं नका राहू, जरा पुढं उभे राहा. मागं असले की जाकीट अर्धंच दिसते. माझा दिवा त्या पट्ट्यांवर पडला की समजते, मोड आला. मग मी ब्रेक धरते."

मी प्रभाकररावांना एवढंच सांगितलं, की टपरीवाला कुरकुर करून राह्यला, जरा रस्त्याकडं सरकून उभे राहत जा. ते लगेच तयार झाले. वर मला ऐकवलं, की दिवे ठीक लागले आहेत, पण मधला एक वाकडा आहे.

संध्याकाळी मी मुद्दाम मोडावर गेलो. माझा ट्रक गेटात वळत होता, बगलेतले दिवे लागलेले. बाभळीकडून डायनामोचा उजेड हलत हलत आला. प्रभाकररावांनी घाईनं पाठ फिरवली, काकूंना ओळख पटू नये म्हणून. पाठीवरचे दोन्ही पट्टे लखलखले, काकूंनी ब्रेक धरला, एकदा घंटी वाजवली आणि ट्रक आत जाईपर्यंत त्यांच्या मागं हातभर अंतरावर उभ्या राहिल्या.