धुमाळ सरांचे बगळे

आमच्या शेजारचे धुमाळ सर कागदावर ओरडतात. माणसांवर ओरडतातच, पण कागदावर जास्त. सकाळी माझा कुकर चढायच्या आत भिंतीपलीकडून आवाज येतो, "उठला! खालचा परत उठला!" आणि पाठोपाठ कागद टराटरा फाटतो.

सर वेल्ह्याकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले आणि एकटेच भोरला येऊन राहिले. आता दिवसभर गॉश रंगवतात. गॉश म्हणजे शाळेतल्या पोस्टर कलरचा थोरला भाऊ. वाळला तरी त्यावर ओला ब्रश फिरला की खालचा रंग उठून वर येतो. निळ्यावर पांढरा द्यावा, तर पांढराच निळसर होतो. तो उठू नये म्हणून सरांचे प्रयोग. रंग दह्यासारखा घट्ट लावणं, कोरड्या ब्रशनं घासणं, मध्ये डिंकाचा हात देणं. एकदा माझ्याकडून दोन अंडी नेली, पिवळा बलक रंगात घातला आणि पांढरं वाटीतून परत आणून दिलं. "तुमचं तुमाला," म्हणाले.

चहा दिला की एक घोट घेऊन, "पानी जास्त झालंय." आमटीला तेच, पुढाऱ्याच्या भाषणालाही तेच. गल्लीतले लोक हसतात. मला हसू येत नाही, संताप येतो. कारण यांच्या प्रयोगाच्या रंगवलेल्या कागदी पट्ट्या वाळतात माझ्या दोरीवर, माझ्याच चिमट्यांना.

परवा हद्द झाली. मुलीच्या गणवेशाच्या पांढऱ्या शर्टाला सरांची निळी पट्टी चिकटली. दोनदा धुतला, डाग जाईना. तसाच ओला शर्ट घेऊन मी तरातरा त्यांच्या घरात शिरले. सर टेबलावर वाकलेले. "बघा काय केलंत," म्हणून शर्ट त्यांच्या नाकासमोर धरला आणि त्याचं पाणी टपकन खालच्या चित्रावर पडलं.

चित्र भाटघरच्या धरणाचं. डोंगर, पाणी अगदी तयार हाताचं. आभाळ मात्र डागाडागांचं, नवशिक्यानं केल्यासारखं. मी घाबरून शर्टाच्या बाहीनंच ते पाणी टिपलं. आभाळाचा तुकडा बाहीवर आला आणि तिथला कागद पांढरा उघडा पडला.

आता हे ओरडणार, म्हणून मीही पदर खोचला. पण सर खुर्चीत बसले.

"आभाळ हिनं रंगवलंय," ते भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत म्हणाले. फोटोला हार होता. "म्हनली, आभाळ मी करते, तुमी त्यात बगळे काढा. म्या म्हनलो, पानी जास्त झालंय, आदी आभाळ नीट कर. लई बोललो. मग ऱ्हायलंच ते. आता काढाय बसलो, तर हिचं आभाळ न उठवता बगळा बसतच न्हाई."

मला माझाच राग आला. "चुकलं माझं, सर," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसून त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघितलं. "बगळ्यावानीच हाय की," म्हणाले. मग शर्टाची बाही हातात घेतली. बाहीवर ओलं निळं लागलं होतं. त्यावरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं.

"ताई, एवढी बाही धुऊ नका."

आवाज चढला नव्हता. मला ते सहनच होईना. म्हणून मीच ओरडले, की शर्ट ठेवा तुमच्याकडंच, मी दुसरा आणते, आणि उद्यापासून पट्ट्या दोरीच्या त्या टोकाला लावत जा, चिमटे मी देते.