बारा व्होल्ट आणि नानांचा खांदा

साहेब अकराला यायचे होते आणि साडेदहाला पंखा थांबला.

पंखा होता देवबागातल्या सत्यवती चोपडेकरांच्या घरात, पाहुण्यांसाठी नव्याने रंगवलेल्या खोलीत. साहेब होते पर्यटन खात्याचे. समुद्र बघायला पुण्या-मुंबईची माणसे येऊ लागली, तसे गावात घरोघरी निवास-न्याहारीचे बोर्ड लागत चालले होते. सत्यवतीबाईंनी नव्या गाद्या शिवून घेतल्या, कमोड बसवला, बोर्डसुद्धा रंगवून माळ्यावर ठेवला. राहिला होता तो परवाना. त्याच्या अटींत एक अट अशी, की पाहुण्यांच्या खोलीत दिवा आणि पंखा चोवीस तास चालू हवा. दोन हजार सात साली ही अट ज्याने लिहिली, त्याच्या गावाला भारनियमन ठाऊक नसावे. देवबागात रोज सहा-सात तास वीज जायची.

म्हणून मुंबईच्या मुलाने, रविराजने, सोलरचे सामान पाठवले होते. छपरावर दोन पॅनेल, पडवीत बॅटरी आणि खोलीच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, इन्व्हर्टरचा खोका. बसवायला माणूसही तो पाठवणार होता. पण त्याच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, तो बेत हाणून पाडला. नाना लाइनमन म्हणून चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. वादळात खांबावर चढून त्यांनी तारा जोडल्या होत्या.

"अकरा हजार व्होल्ट हातान जोडलंय," ते फोनवर म्हणाले, "आणि ह्या बारा व्होल्टाक मुंबयसून माणूस येतलो?"

अडचण एकच आली. बॅटरीपासून खोक्यापर्यंतची वायर मऊ निघाली. नानांच्या हाताला सवय बोटाएवढ्या जाड, ताठ तारांची. ह्या वायरीचे साल काढले तर आत केसासारख्या शेकडो बारीक तांब्याच्या तारा, आणि मोकळ्या झाल्याबरोबर त्या झाडूसारख्या फिस्कारल्या. खोक्याच्या भोकात त्या सगळ्या जाईनात. नानांनी कातर मागवली, मिशी कापावी तशा निम्म्या तारा कापल्या, उरलेल्या भोकात कोंबल्या आणि वरून स्क्रू आवळला. दिवा लागला, पंखा फिरला. केर काढताना सत्यवतीबाईंनी विचारले की ह्या तारा कसल्या. नाना म्हणाले, कंपनीने जास्तीच्या दिल्या होत्या.

महिनाभर सगळे बरे चालले. मग पंखा मनाला येईल तेव्हा थांबू लागला. नानांनी आधी खाऱ्या वाऱ्याला दोष दिला, मग बॅटरीतल्या पाण्याला, मग पॅनेलवर बसणाऱ्या कावळ्यांना. एके दिवशी धूळ पुसताना त्यांचा हात वायरीला लागला आणि पंखा फिरायला लागला. हात काढला, पंखा थांबला. सत्यवतीबाई म्हणाल्या की फकरुद्दीनला बोलवू या. फकरुद्दीन मालवण बंदराजवळ ट्रॉलरांची वायरिंग करायचा. त्याआधी वीस वर्षे मोठ्या जहाजांवर इलेक्ट्रिशियन होता. बोटीवरच्या माणसाने मला घरातली वायर शिकवायची का, असे विचारून नानांनी तो विषय संपवला.

तर आज साडेदहा. वीज नवालाच गेलेली, ती एकला येणार. नानांनी वायरीपाशी आधी कागदाची घडी कोंबली, मग लाकडाची पाचर. पंख्याला दोन्ही पसंत पडल्या नाहीत. शेवटी त्यांनी भिंतीला टेकून डाव्या खांद्याने वायर दाबून बघितली, आणि पंखा झक्क फिरू लागला.

"मी हयसरच उभो रवतंय," नाना म्हणाले. "साहेब किती येळ बसतलो? पाच मिनिटां."

कुलथे साहेब अकराला आले. मूळचे सोलापूरकडचे, स्वभावाने मऊ. नाना त्यांना सामोरे गेले नाहीत. भिंतीला रेललेल्या अवस्थेतच त्यांनी उजवा हात छातीशी नेऊन अर्धा नमस्कार केला. बसा म्हटले तर म्हणाले, मी उभाच बरा. साहेबांनी सहीसाठी फॉर्म पुढे केला, तो नानांनी एका हाताने गुडघ्यावर धरायची खटपट केली. साहेबांची नजर त्या न हलणाऱ्या डाव्या हातावर, कलत्या मानेवर स्थिरावली. त्यांनी फॉर्म हळूच काढून घेतला आणि सत्यवतीबाईंना दाराशी गाठून खालच्या आवाजात विचारले, "कधीपासून आहे हे?"

सत्यवतीबाईंना वाटले, सोलरबद्दल विचारतायत.

"तीन महिने झाले, साहेब."

"सुधारणा?"

"कधी चालतं, कधी एकदम थांबतं."

"कुणाला दाखवलंत?"

"मी सारखी म्हणते, चांगला माणूस बोलवूया. पण हे ऐकतच नाहीत."

साहेबांना भरून आले. त्यांचे सासरे असेच एका बाजूने लुळे होऊन चार वर्षे अंथरुणावर होते. पाच मिनिटांत उरकायची तपासणी त्यांनी बाजूला ठेवली, खुर्ची नानांसमोर ओढली आणि सासऱ्यांची हकिगत सुरू केली. चहा आला, खाजे आले. सासरे इस्पितळातून घरी येईपर्यंत वीस मिनिटे गेली.

इकडे वायर तापत होती. निम्म्या तारा केरात गेलेल्या, उरलेल्यांतल्या धड टेकलेल्या दहा-पंधरा, आणि पंखा, दिवे सगळ्यांचा भार त्यांच्यावर. नानांना आधी खांद्याला शेक बसल्यासारखे वाटले, आणि ते बरेही वाटले. मग चटका बसू लागला. कपाळावर घाम जमला. तो बघून साहेब कळवळले आणि म्हणाले, "अहो, यांना वारा लागत नाहीये. पंखा जरा वाढवा."

सत्यवतीबाईंनी पंखा वाढवला. वायरीवरचा भारही वाढला.

नानांनी डोळे मिटून घेतले. साहेबांना वाटले, रडतायत. ते उठले आणि धीर द्यायला त्यांनी नानांच्या डाव्या दंडावर हात ठेवला. त्याच वेळी सदऱ्याला जळका वास आला, आणि नाना उडाले. दोन ढांगांत त्यांनी खोली पार केली, उंबरठा ओलांडला, आणि डावा हात गरगर फिरवत विहिरीपाशी जाऊन खांद्यावर कळशी ओतून घेतली. इतका झटपट बरा झालेला पक्षाघात साहेबांच्या पाहण्यात नव्हता. त्यांनी थांबलेला पंखा पाहिला, भिंतीवरचा धुरकट खोका पाहिला, आणि ते सावकाश खाली बसले.

सत्यवतीबाईंनी सगळे सांगून टाकले, कातरीसकट. परवाना तर गेलाच होता. आता खोटे तरी कशाला बोला. साहेबांनी उरलेला चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मला अजून दोन घरं बघायची आहेत. चारला परत येतो. तेव्हा पंखा चालू हवा, आणि हे खुर्चीवर बसलेले दिसायला हवेत."

ह्या वेळी सत्यवतीबाईंनी नानांना विचारले नाही. फोन केला आणि दोन वाजता फकरुद्दीन स्कूटरवरून आला. मेन वीज आली होती, पण साहेब सोलरच बघणार हे उघड होते. फकरुद्दीनने स्क्रू सोडवला, काळे पडलेले टोक कापून टाकले आणि नवीन साल काढले. एकही तार न तोडता सगळ्या तारा नीट पिळून त्याने तांब्याच्या एका छोट्या नळीत घातल्या. ह्या नळीला लग म्हणतात. तिच्या पुढे एक बारीक दांडी असते. लांब दांड्याच्या पकडीने त्याने ती नळी करकचून दाबली. दांडी खोक्याच्या भोकात सरळ गेली.

नाना खांद्याला खोबरेल लावून दुसरीकडे बघत उभे होते.

"नाना, तुमची तार जाडी. ती आपली आपण उभी रवता," फकरुद्दीन म्हणाला. "ही केसांसारखी. मोकळी सोडल्यार पसारतली. हिचो आधी अंबाडो बांधूचो, मगेच स्क्रू. आता जरा वढून बघा."

नानांनी चौतीस वर्षांची ताकद लावून वायर ओढली. ती हलली नाही. पुन्हा ओढली. मग ते म्हणाले, "पकड बरी आसा तुझी."

बॅटरीकडचे टोक फकरुद्दीनने त्यांनाच दाबायला दिले.

चारला साहेब आले. नानांनी मेन स्विच स्वतः बंद केला आणि खुर्चीवर येऊन बसले. पंखा फिरत राहिला. साहेबांनी वायरीला बोट लावून बघितले, ती गार होती. त्यांनी शिफारस लिहिली, खांद्याची चौकशी केली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांना चहा गोड लागेना. त्या तीन महिन्यांत त्यांनी वाडीतल्या आणखी पाच घरांत सोलर बसवून दिले होते. फुकट, आणि त्याच कातरीने. एकाचीही तक्रार आली नव्हती, म्हणून तर दोष आपल्या पॅनेलात असावा असे ते धरून चालले होते. आता एकेकाचे छप्पर त्यांच्या डोळ्यांसमोर पेटू लागले. त्यांनी सदरा चढवला आणि पहिल्या एसटीने मालवण गाठले.

फकरुद्दीन दुकानात कसलेसे यंत्र उघडून बसला होता. नानांनी स्टूल ओढले आणि इकडे तिकडे बघत सांगितले की पाच घरांत जायचे आहे. लग घे, पकड घे. लोकांना सांगू की तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग करायचा नियमच आहे. वाडीत कातरीचे नाव काढायचे नाही.

फकरुद्दीनने हात पुसले. परत पुसले.

"नाना, त्या पाचय घरांत लग मारून झाले," तो म्हणाला. "महिनो झालो. आधी विमलाकाकीन बोलावल्यान, मगे एकेक करून सगळ्यांनी. तुमका कळता नये म्हणून माका शपथ घातल्यानी. तुमका वायट वाटात म्हणान."

नानांनी समोरची पकड उचलली, उघडली, मिटली. बाहेर बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता.

"मगे माझ्याच घरात कित्याक नाय मारलंस?"

"वयनीन दोनदा सांगल्यानी होता," फकरुद्दीन म्हणाला. "पण बाकीच्यांकडे मी तुमी नसताना गेलंय. तुमच्या घरात तुमी सदाच आसतास."