अप्पांची बाळंतखोली

"पाय धुऊन या. घरात बाळंतीण हाय."

मन्मथअप्पांच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं की हे ऐकावं लागतं. नवखा माणूस गोंधळून जातो. अप्पा सत्तरीला टेकलेले, बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली, मुलगी लातूरला सासरी, घरात दुसरं माणूस नाही. मग बाळंतीण कुठली? तेवढ्यात मधल्या खोलीतून चिवचिव ऐकू येते. तिथं पत्र्याच्या गोल कड्यात, लोंबत्या बल्बखाली, साठ-सत्तर कोंबडीची पिल्लं असतात. आमचं सगळं पालम गाव त्याला ब्रूडर म्हणतं. अप्पा बाळंतखोली म्हणतात. चपला बाहेर काढायच्या, दाराशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी पायावर घ्यायचं, मोठ्यानं बोलायचं नाही. सर्दी झालेल्यानं खिडकीतूनच बघायचं आणि लवकर निघायचं.

मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन्ही घरांत एकच भिंत. एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त आहे. हे सगळं मी प्रेमानं लिहायला बसलोय असं कुणी समजू नये. मला या माणसाचा हेवा वाटतो. साधासुधा नाही, जेवताना घास अडकावा असा.

आधी गंमत ऐका. अप्पा लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, घरात अंड्याचं नाव काढलेलं चालत नाही. आणि धंदा काय, तर कोंबडीची पिल्लं सांभाळणं! धंदा तरी कसला, एक पैसा घेत नाहीत. आमच्या गल्लीतल्या बाया एक दिवसाची पिल्लं विकत घेतात. ती घरी आणली की चार दिवसांत निम्मी दगावतात. म्हणून पहिले एकवीस दिवस सगळी पिल्लं अप्पांकडे. बाविसाव्या दिवशी पिल्लं ज्याची त्याला परत.

परत देताना अप्पांचं एक वाक्य ठरलेलं. "एकवीस दिस माजे, फुडं तुमचे. फुडचं मला सांगायचं न्हाई." रविवारी गल्लीत रस्सा उकळायला लागला की अप्पा उपरणं नाकाला लावून महादेवाच्या देवळात जाऊन बसतात आणि पार उन्हं उतरल्यावर परत येतात.

एकदा समाजातल्या कुणीतरी त्यांना टोकलंच. "अप्पा, गळ्यात लिंग आन् घरात कोंबड्या? कसं दिसतंय हे?"

अप्पा म्हणाले, "मी खात न्हाई हे पिल्लास्नी ठावं हाय. म्हणून तर ती माज्याकडं निवांत झोपायलीत."

तो माणूस पाय न धुताच परत गेला.

आता माझं दुखणं सांगतो. आमच्या सुलोचनेनं मागच्या वर्षी पंचवीस पिल्लं घेतली आणि अप्पांकडे निघाली. मी तिला अडवलं. म्हटलं, "परभणी-पालम गाडीला तीस वर्षं पिल्लांची खोकी मी आणली. ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवायचो. एक पिल्लू मेलं नाही. मला काय शिकवतेस?"

गच्च भरलेल्या गाडीत थंडी वाजत नाही, हे मला नोकरीनं शिकवलं होतं. जितकी दाटी तितकी ऊब. मी टीव्हीचं रिकामं खोकं घेतलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं, एका टोकाला बल्ब सोडला आणि पंचवीसच्या पंचवीस आत चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली. खालची अकरा गेली होती.

अप्पा बघायला आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खोक्याच्या कोपऱ्यात बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "कोपरा ठेवला की तुमी, कंडाक्टर. कोपरा दिसला की पिल्लू त्यात घुसतंय, त्याच्यावर दुसरं चढतंय. बाळंतखोलीला कोपरा नसावा." उरलेली चौदा ते उपरण्यात घालून घेऊन गेले. एकवीस दिवसांनी चौदाच्या चौदा परत दिली, टुणटुणीत.

तेव्हापासून आमच्या घरात अप्पापुराण सुरू झालं. अप्पा ओला भुसा चमच्यानं उचलून टाकतात. अप्पा पाण्याच्या ताटलीत धुतलेले खडे टाकतात, म्हणजे पिल्लू पाण्यात पडून भिजत नाही. अप्पांनी बल्ब तारेनं बांधला आणि वर साखळीही लावली, म्हणजे एक तुटलं तरी भुशावर पडून आग लागायची नाही. एक दिवस तर सुलोचना बघून आली की पिल्लाच्या बुडाला घाण चिकटली होती आणि अप्पा कोमट पाण्याचा बोळा घेऊन ती पुसत होते.

"तीन लेकरं झाली आपल्याला," सुलोचना म्हणाली. "तुमी एकाचं तरी बूड धुतलं का?"

मी ड्युटीवर असायचो, असं म्हणणार होतो. पण तिन्ही वेळा सुट्टी काढून घरीच होतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त लक्षात होतं.

मग मी चोरून शिकायचं ठरवलं. परसातल्या कुंपणाशी बादली पालथी घातली आणि तिच्यावर उभा राहून अप्पांच्या खिडकीत बघायला लागलो. या वयात ते शोभत नाही, मान्य आहे. अप्पा पिल्लांना हातही न लावता नुसते बघत बसायचे आणि मध्येच उठून बल्ब चार बोटं वर घ्यायचे. कशावरून घ्यायचे ते कळेना. शेवटी माझ्याकडे पाठ असतानाच ते म्हणाले, "थर्मामीटर नसतंय इथं, कंडाक्टर. दिव्याखाली ढीग झाला की गारठा वाजायलाय. कडेला पळून चोच उघडली की उकडायलंय. सगळीकडं पसरून झोपली, की बरं हाय. आता उतरा, बादली फुटंल."

मी उतरलो. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ज्याला बोलता येत नाही त्याचं मन याला कसं कळतं? मला तर बोलता येणाऱ्या बायकोचं कळत नाही.

यंदा जानेवारीत सुलोचनेनं पुन्हा पिल्लं घेतली आणि मी पुन्हा आडवा आलो. पत्र्याचं कडं केलं, भुसा आणला, साखळीसुद्धा लावली. ती एवढंच म्हणाली, "ह्या टायमाला एक जरी मेलं ना, तर मी तुमच्याशी जल्मात बोलणार न्हाई." आणि आगाऊच बोलणं बंद केलं. ताट सरकवायची, चहा आदळायची, पण तोंडातून अक्षर नाही. चार दिवस घर नुसतं गप्प. माझी पिल्लं मात्र छान होती. मला जिंकायचंच होतं.

पाचव्या दिवशी आभाळ आलं, गार वारं सुटलं आणि दुपारी तीन वाजता लाईट गेली.

पाच मिनिटांत पिल्लांनी मधोमध ढीग केला आणि चिवचिवाट इतका वाढला की कानठळ्या बसल्या. मी धावत जाऊन शेगडी पेटवली, आत आणली आणि ऊब जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली. खोलीभर धूर झाला. सुलोचना दारात उभी होती. ती बोलत नव्हती, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते नुसतं धुरानं नव्हतं.

"शेगडी बाहेर," मागून आवाज आला. अप्पा आमच्या नळावर पाय धूत होते. "खिडकी उघडा. माजी पिल्लं उबेला ठिवून आलोय. वैनी, सरबताच्या काचेच्या बाटल्या हायत का? पाणी तापवा."

मला लाज वाटली आणि रागही आला, पण मी शेगडी उचलली. अप्पांनी गरम पाण्याच्या चार बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मधे आडव्या ठेवल्या. कड्यावर गोधडी टाकली आणि हवेला एक बाजू मोकळी ठेवली. ढिगाखालून एक पिल्लू निघालं, मान टाकलेलं. अप्पांनी ते सदऱ्याची गुंडी काढून छातीशी धरलं, लिंगाच्या शेजारी. त्या जागेला त्यांनी कधी कुणाचा हात लागू दिला नव्हता.

आम्ही तिघंही जमिनीवर बसलो. बाटल्यांतलं पाणी दोनदा बदललं. बऱ्याच वेळानं अप्पांच्या सदऱ्यातून एक बारीक चिव आली. सुलोचनेनं पदर तोंडाला लावला.

लाईट आली. पिल्लं पसरली. सुलोचनेनं चहा दिला. चहा संपला तरी अप्पा उठेनात. मला वाटलं, आता मला सुनावणार. मीच कुचकटपणे म्हणालो, "चिवचिव ऐकून आलात वाटतं."

"ते तर आज ऐकलं," अप्पा म्हणाले. "मी चार दिस झाले येऊ का नगं, करायलो. तुमच्याकडं काही बरंवाईट झालंय का? आवाज न्हाई."

"कसला आवाज?"

अप्पांनी भिंतीकडे बोट केलं. "आमच्या हिला लकवा मारला तवा बोलणं गेलं. तीन वर्षं बाजंवर व्हती. गारठा वाजायलाय का उकडायलंय, तेबी सांगता यायचं न्हाई. मी बघून वळखायचो. बाज ह्याच भित्तीला लावली व्हती. तुमी दोघं भांडायला लागले की ती हसायची, अर्ध्या तोंडानं. वैनी बोलायला लागल्या की तिला वाटायचं, आपुनच बोलायलोत. माज्याकडं अशी बघायची, जसं मीच काय तरी सांडलंय." त्यांनी कप खाली ठेवला. "मग मी म्हणायचो, चुकलं माजं."

सुलोचना माझ्याकडे बघत होती. मी पिल्लांकडे.

"आता ती न्हाई," अप्पा म्हणाले. "पर तुमचा आवाज आला की तेच म्हणतो मी. तोंडातून जातंय. चार दिस झाले म्हणलो न्हाई, तर घास उतरंना." मग एकदम ओशाळून उठले, सदऱ्यातलं पिल्लू कड्यात सोडलं आणि गेले.

या माणसाजवळ काय आहे म्हणून मी बादलीवर चढून बघत होतो, आणि तो माझ्या घरातलं काय ऐकत बसला होता! मला स्वतःचीच फार लाज वाटली.

दिवेलागणीला सुलोचनेनं पुन्हा चहा आणला. चहा उत्तम होता. मी कप भिंतीच्या बाजूला धरला आणि घसा फाडून म्हणालो, "हा काय चहा आहे? गुरं धुतल्याचं पाणी बरं!"

तिनं कपाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग तिनं पदर खोचला, भिंतीकडे तोंड केलं आणि सुरुवात केली. माझ्या आईपासून निघाली, तीन लेकरांवरून टीव्हीच्या खोक्यावर आली आणि अकरा पिल्लांपाशी तिचा आवाज खरोखरच भरून आला. ते नाटक नव्हतं. ती श्वास घ्यायला थांबली. मला काहीतरी म्हणायचं होतं, चाळीस वर्षांत एकदाही न म्हटलेलं, आणि ते अगदी ओठांवर आलं होतं.

पण भिंतीपलीकडून ते आधीच कुणीतरी हळूच म्हणून टाकलं.