सासऱ्यांच्या पुस्तकाची आवराआवर

आधी आवरायचं आणि मग हलवायचं, एवढंच डीटीपीकाकांनी ठरवलं होतं. घर बदलताना शहाणी माणसं तेच करतात. इथे तर नुसतं सॉफ्टवेअर बदलायचं होतं!

ज्या सॉफ्टवेअरवर त्यांनी छापखान्यात उभी हयात पानं लावली, ते महिनाअखेर कायमचं बंद होणार होतं. तेव्हापासून काका सगळ्यांना दम देत फिरत होते. "फोटो फाइलच्या आत नसतो! आत नुसती त्याची पुसट छाया. खरा फोटो बाहेरच्या फोल्डरमध्ये. तो गेला की संपलं! आणि फोटो थेट पेस्ट करताना कोणी दिसला, तर त्याची खैर नाही." (हे भाषण छापखान्यात सगळ्यांना पाठ होतं.)

घरी बायकोने एकच काम सांगितलं होतं. "अहो, बाबांचं पुस्तक तेवढं आधी नव्यात घ्या. रविवारी पंचाहत्तर पूर्ण होतायत त्यांना."

सासूबाईंनी नातेवाइकांकडून जुने फोटो मागून आणून ते पुस्तक जुळवलं होतं. काकांनी ते स्कॅन करून परत केले, पानंही लावली होती. मग छपाई राहून गेली (कोणामुळे, ते विचारू नये) आणि सासूबाईही गेल्या.

काका हौसेने बसले. समोर फोटोंचं भलंमोठं फोल्डर दिसलं. "पुस्तकात आहेतच की सगळे! दोनदोनदा कशाला?" म्हणत त्यांनी ते पुसलं. अर्धवट काम त्यांना खपत नाही, म्हणून कचरापेटीही रिकामी केली. फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये निमूटपणे उघडली. स्क्रीनवर पानं इवलीइवली, छान दिसली. काकांनी पुस्तक छापून, बांधून, कागदात गुंडाळून आणलं.

रविवारी सासऱ्यांनी चष्मा लावून पहिलं पान उघडलं.

"हे कोण?"

"तुम्हीच, बाबा. लग्नातले."

"मग माझं तोंड का झाकलंय? बातम्यांत आरोपीचं झाकतात तसं?"

बायकोने भराभर पानं उलटली. वडील, आई, मांडीवरची ती स्वतः, सगळ्यांच्या चेहऱ्यांचे नुसते चौकोन झाले होते. काकांचे कान तापले.

"अहो, मूळ फोटो आहेत ना?"

काकांनी पंख्याकडे पाहिलं. "आवरले."

"म्हणजे?"

"पुसले."

सासरे एका चौकोनावरून बोट फिरवत होते. "ही हिची निळी साडी. एवढं कळतंय." काकांना वाटलं, धरणीने आत्ता पोटात घ्यावं.

तेवढ्यात शेवटचं पान आलं. 'मांडणी' या शब्दाखाली पानभर काका हसत होते. मिशीतला केस न केस दिसत होता.

"हा कसा राहिला?" बायकोने विचारलं.

"तो..." काकांनी मिशी चाचपली. "तो मी घाईत थेट पेस्ट केला होता."

"उद्यापासून दारोदार जा," बायको म्हणाली. "मावशीकडे, आत्याकडे, सगळ्यांकडे. ते फोटो पुन्हा मागून आणा. तोंड वर करून मागता येत नसेल तर खाली घालून मागा."

काकांनी मान हलवली. सासऱ्यांनी पुस्तक मिटून त्यांच्या हातात ठेवलं.

"हे बरोबर न्या, जावईबापू. हे कोणी केलं म्हणून लोक विचारतीलच, तेव्हा शेवटचं पान दाखवा. आरोपीचा चेहरा तेवढा झाकायचा राहिलाय."