आक्कांचा गळा आणि मास्तरांची रेघ

माधवमास्तर पेन्सिलीला हात लावत नसत. "पेन्सिल ही घाबरटांची सोय! खरा चित्रकार थेट शाईत उतरतो!" असं ते चित्रकलेच्या तासाला गरजत, आणि पोरं मुकाट्याने खोडरबर लपवत.

दोन हजार चार साली काल्हेरच्या केसरीनाथशेठनी नवा बंगला बांधला. हॉलमध्ये आईचं, म्हणजे आक्कांचं, शाईतलं चित्र लावायचं म्हणून त्यांनी मास्तरांना बोलावलं. मास्तरांचं चित्र पहिल्यांदाच शाळेबाहेरच्या भिंतीवर लागणार होतं! त्यांनी नाकापासून सुरुवात केली. डोळे, कपाळ, अंबाडा... हात असा सुटला की हनुवटीखाली कागदच संपला.

आक्का भडकल्या. "मास्तर, माजा गला कुठं हाय?"

"आक्का, चेहऱ्यावरचा भाव बघा ना!"

"भावाला काय करू? ठुशी न्हाय, बोरमाल न्हाय, पुतल्यांचा हार न्हाय! मुंडका तोरून ठेवलाय नुसता!"

केसरीनाथशेठही म्हणाले, "गला पायजेच मास्तर. एकूण एक मनी दिसला पायजे."

घरी मास्तर तासभर धुमसत होते. "चित्र काढू की मणी मोजू?"

"आधी जागा आखून घ्यायला काय झालं?" त्यांची बायको सरला भाजी निवडत म्हणाली. "भिवंडीत राहता ना? ताण्याचे धागे मोजल्याशिवाय कुणी लूम सुरू करतं का?"

मास्तरांना हे झोंबलं. पटलं म्हणून जास्तच झोंबलं! ओळखीचं दुकान टाळून त्यांनी धामणकर नाक्यावरून पेन्सिल आणली. मग तीन रविवार आक्कांसमोर बैठक. कागदावर चौकोन पाडले, अर्धा कागद गळ्यासाठी राखला, पुतळ्या मोजल्या. सदतीस! एका पुतळीवर रेघ थरथरली, तर सगळं चित्र पुन्हा काढलं. श्वास रोखून ओढलेल्या त्या रेघा पाहून आक्का पहिल्यांदा हसल्या.

वास्तुशांतीला मास्तर नवा झब्बा घालून, सरलाला घेऊन गेले. हॉलची भिंत मोकळी!

"चित्र कुठंय?"

"दाजी सोनाराकडं," केसरीनाथशेठ ताट पुढे करत म्हणाले. "सुनंला तसाच हार करायचा हाय. आक्का गल्यातला काढून देत न्हाय, फोटोत नुसती चमक येते. म्हनून तर तुमाला बोलावला!"

मास्तर न जेवता रिक्षाने थेट दाजींच्या दुकानात. तिथे चित्रातला गळा तेवढा कापून फळीवर चिकटवलेला!

"आणि चेहरा?"

"तो काय कामाचा?" दाजी म्हणाले. "पण मास्तर, रेघ काय आहे तुमची! एक कडी चुकली नाही. आता धाकट्या सुनेच्या बांगड्या करायच्यात. आक्का त्याही काढत नाहीत. जमेल?"

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन रविवारांची मेहनत, आणि हा माणूस तिला कात्री लावतो? कलेचा अपमान, आक्कांचा अपमान, आणि माधवमास्तरांचा तर घोर अपमान! "या दुकानात पुन्हा पाय ठेवणार नाही!" असं ओरडून ते तरातरा पायऱ्या उतरले. रस्त्यावर दोन मिनिटं उभे राहिले. मग पुन्हा वर चढले.

"मनगट किती जाड आहे," ते दरडावून म्हणाले, "ते मात्र मला आधी मोजून घ्यावं लागेल!"