दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता घराच्या किल्ल्या नव्या मालकाच्या हातात द्यायच्या होत्या. त्यानंतर व्हर्लन टीडे आणि त्याची बायको लॉर्ना दारात उभ्या असलेल्या छत्तीस फुटी मोटरहोममध्ये राहणार होते आणि मन मानेल तिकडे हिंडणार होते. मोटरहोममध्ये कपबश्या बसल्या, गोधड्या बसल्या, लॉर्नाचं शिलाई मशीनसुद्धा बसलं. बसत नव्हती ती एकच वस्तू, आणि ती म्हणजे व्हर्लनची १९७८ सालची लाल कॉर्व्हेट, दोन सीटांची बसकी स्पोर्ट्स गाडी.

"हे बघ व्हर्लन," लॉर्नाने तीन महिन्यांपूर्वीच निकाल दिला होता, "पाच वाजायच्या आत तिला चाकांवरचं गॅरेज मिळालं तर ती आपल्याबरोबर. नाही मिळालं तर डेलमर घेऊन जाईल. मी तिला रस्त्यावर सोडणार नाही, आणि तिच्यासाठी घरही अडवून ठेवणार नाही."

डेलमर म्हणजे लॉर्नाचा धाकटा भाऊ. गाडीवर त्याचा डोळा पहिल्या दिवसापासून होता. बहिणीचा निकाल कानावर येताच त्याने शेतावरचं कोठार झाडून घेतलं आणि रोज सकाळी त्या रिकाम्या कोठाराचा फोटो तो व्हर्लनला पाठवू लागला. फोटोखाली फक्त दोन शब्द असायचे: "वाट बघतोय."

व्हर्लनही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. एकतीस वर्षं त्याने काउंटीची जमीन मोजली होती. शेजाऱ्यांच्या कुंपणाची भांडणं त्याच्या फितीपुढे गप्प व्हायची. त्याने मोटरहोममागे जोडायच्या बंद ट्रेलरांचा एक तक्ता बनवला आणि लॉर्नाकडून टाइप करून घेतला. उघडा ट्रेलर पहिल्याच दिवशी बाद झाला, कारण नेब्रास्कातल्या गारा आणि रस्त्यावरची खडी त्याला ठाऊक होती. चोवीस फुटी ट्रेलर बाद, कारण मोटरहोमला तो जड. एकाचा उतार इतका उभा की गाडीचं नाक घासलं असतं, म्हणून तोही बाद. एकाला मागे दोन दारं होती, ती व्हर्लनला आवडली नाहीत. अशा चौदा ट्रेलरांवर काट मारून झाल्यावर शुक्रवार उजाडला, आणि यादीत एकच उरला: ट्रेलर विकणाऱ्या पावेल्काबाईंच्या आवारातला वीस फुटी, ॲल्युमिनियमचा, पांढरा. आतली रुंदी एक्क्याऐंशी इंच. गाडीची रुंदी एकोणसत्तर.

"दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच मोकळे!" व्हर्लनने पेन्सिलीने खालची रेघ दोनदा ओढली. "लॉर्ना, याला म्हणतात निवड."

"पाचच्या आत हातात आला, तर म्हण," लॉर्ना म्हणाली आणि मोटरहोमच्या स्टिअरिंगमागे जाऊन बसली. सव्वीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. त्यामुळे मोटरहोम कोण चालवणार, हा प्रश्न त्या घरात कधी निघालाच नाही. व्हर्लन मागून कॉर्व्हेट घेऊन निघाला.

पावेल्काबाईंकडे त्या दिवशी वर्षातून एकदा होणारा ग्राहकमेळा होता. लांबलचक टेबलावर चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्शाचं, पातेलं वाफाळत होतं, शेजारी साखर पेरलेल्या सिनेमन रोलचे डोंगर रचले होते, आणि अर्धा गाव हातात वाट्या घेऊन ट्रेलरांभोवती फिरत होता. ट्रेलर घ्यायचा कुणाचाच विचार नव्हता. चिली मात्र सगळेच दोनदा घेत होते. लोकांना काहीतरी बघायला हवंच होतं, आणि तेवढ्यात लाल गाडी आली.

"आधी घालून बघा तर खरं, व्हर्लन," पावेल्काबाई म्हणाल्या. "फळ्या लावून देते, म्हणजे नाक घासायचं नाही."

फळ्या लागल्या. लॉर्ना ट्रेलरच्या तोंडाशी उभी राहून बस वळवताना करतात तसे हात करू लागली. "डावीकडे. थोडी अजून. बस, सरळ ये." गाडी उतारावर चढली, आत गेली आणि बरोब्बर मधोमध थांबली. व्हर्लनने दोन्ही खिडक्यांतून डोकावून पाहिलं. सहा इंच. सहा इंच. त्याने आनंदाने भोंगा वाजवला आणि बाहेर चार लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्याने दार उघडलं. 'टक.' दार ट्रेलरच्या भिंतीला आपटलं. त्याने पलीकडचं उघडलं. 'टक.'

कॉर्व्हेटचं दार लांबीला चार फूट. माणूस बाहेर यायचा तर ते निदान दोन फूट उघडायला हवं. एकतीस वर्षं सगळी काउंटी मोजणाऱ्या माणसाने सगळी मापं घेतली होती, एक सोडून. ते माप त्याचं स्वतःचं होतं.

आता खरं तर काही बिघडलं नव्हतं. गाडी मागे घ्यायची, बाहेर यायचं आणि चुकलो म्हणायचं. व्हर्लनने मागचा गिअर टाकण्यासाठी हातही पुढे नेला होता. पण त्याच क्षणी आरशात डेलमरचा पिकअप आवारात शिरताना दिसला. गाडी मागे घेणं म्हणजे पंधराव्या ट्रेलरवर काट मारणं, आणि पंधराव्यावर काट म्हणजे गाडी डेलमरच्या कोठारात. व्हर्लनने हात मागे घेतला आणि इंजिन बंद केलं.

"काय रे व्हर्लन!" डेलमर चिलीची वाटी घेऊनच उताराशी आला. "आत काय करतोयस?"

"पाहणी."

"कसली?"

"आतला आवाज कसा येतो ते बघतोय."

"बाहेर ये की, हात तरी मिळवू."

"मला इथे बरं वाटतंय. गारवा आहे."

डेलमरने वाकून एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा भिंतींकडे पाहिलं, आणि हळूहळू त्याचा चेहरा उजळला. "अडकलाय!" तो टेबलाकडे वळून ओरडला. "अहो, हा आत अडकलाय! दारच उघडत नाहीये याचं!"

झालं. वाट्या घेऊन सगळी मंडळी उताराशी जमली. सल्ल्याला कुणाकडेच तोटा नव्हता. कुणी म्हणालं, टायरची हवा काढा. हवा काढून दार कसं उघडणार ते त्यालाही सांगता येईना. कुणी म्हणालं, खिडकीतून काढा, पण व्हर्लनचं पोट आणि सहा इंच यांचा मेळ कुणालाच घालता आला नाही. गुरं पाळणारा एक म्हातारा सगळ्यांना बाजूला सारून पुढे आला. "वासरू अडलं की आम्ही ओढून काढतो," तो म्हणाला. "पण पुढचे पाय दिसले पाहिजेत. याचं काहीच दिसत नाहीये."

चिलीचा वास ट्रेलरमध्ये भरून राहिला होता. व्हर्लन दुपारचा जेवलेला नव्हता.

लॉर्नाने सगळ्यांना चार पावलं मागे हटवलं आणि उतारावर चढून गाडीच्या मागच्या काचेशी वाकली. "व्हर्लन, किती वेळ बसणार आहेस?"

"डेलमर जाईपर्यंत."

"तो गाडी घेतल्याशिवाय जायचा नाही."

मग व्हर्लन हळू आवाजात म्हणाला, "लॉर्ना, घर दिलं. बाबांची हत्यारं दिली. जेवणाचं टेबल त्या नव्या लोकांनाच ठेवलं. मी एका शब्दाने काही बोललो नाही. पण ही नाही गं द्यायची मला."

लॉर्नाला हे ठाऊक होतं, पण त्याने ते कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. तिला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की ती नेहमी करायची तेच तिने केलं: तिने बसमधल्या पोरांसाठी ठेवलेला जुना आवाज काढला.

"ऐक! शाळेच्या बसमधून बाहेर पडायच्या वाटा कुठल्या? वर्षातून दोनदा मी पोरांकडून घोकून घ्यायचे. पुढचं दार!"

"बंद," व्हर्लन आतून म्हणाला.

"खिडक्या!"

"पोट."

"मग राहिलं काय?"

व्हर्लनने मान वर केली. डोक्यावर छतात बसवलेले काचेचे दोन तुकडे होते, हाताने सोडवून काढता येणारे. एकदा पावसात गळले तेव्हापासून अकरा वर्षं त्याने त्यांना हात लावला नव्हता. "छत!" तो ओरडला.

"शाबास! काढ ते. आणि बूट काढ, सीटवर उभा राहणार आहेस!"

खिट्ट्या करकरल्या. काचेचा तुकडा निघाला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. मग गाडीच्या छतातून व्हर्लनचं टक्कल वर आलं, मग खांदे आले, मग खूप वेळ काहीच आलं नाही, आणि मग पोट आलं. लोकांनी श्वास रोखून धरले. लॉर्ना धावत मोटरहोममधून गोधडी घेऊन आली आणि तिने ती मागच्या उतरत्या काचेवर भिरकावली. व्हर्लन गोधडीवर बसला, त्याने डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. घसरगुंडीवरून यावा तसा तो सुर्रकन खाली आला आणि उतारावर पायमोज्यांतल्या दोन पायांवर उभा राहिला!

असा जल्लोष त्या आवारात कधी झाला नसेल. कुणीतरी टोपी उडवली. गुरं पाळणाऱ्या म्हाताऱ्याने त्याचा हात धरून गदागदा हलवला. पावेल्काबाईंनी स्वतःच्या हाताने सिनेमन रोल आणून दिला. व्हर्लनने रोल खाल्ला, मान ताठ केली आणि म्हणाला, "हाच ट्रेलर. घेतला."

"डोकं फिरलंय तुझं," डेलमर म्हणाला. "दर वेळी असा उतरणार? साठी उलटलीय तुझी!"

"अडुसष्ट. आणि हो, दर वेळी."

"त्यापेक्षा मला दे. माझ्या कोठारात मी दार उघडून माणसासारखा उतरेन."

"उतरून दाखव," लॉर्ना म्हणाली.

म्हाताऱ्याने खालून हात दिला, व्हर्लन काचेवरून चढून छतातून आत शिरला आणि त्याने गाडी मोकळ्या आवारात आणली. इतक्या वर्षांत त्याने मेहुण्याला स्टिअरिंगमागे कधी बसू दिलं नव्हतं. आज तो स्वतः दार धरून उभा राहिला. डेलमर वाकला, आणखी वाकला, आणि शेवटचं वीतभर अंतर धप्पकन पडला. सीट जमिनीलगत, पाय पुढे लांब पसरलेले. त्याने स्टिअरिंग हातात घेतलं आणि विजयाने सगळ्यांकडे पाहिलं.

"छान," लॉर्ना म्हणाली. "ये आता बाहेर."

डेलमरने एक पाय बाहेर टाकला. मग जोर केला. मग दाराला धरून जोर केला. मग देवाचं नाव घेतलं. दार सताड उघडं होतं, छत उघडं होतं, चारी दिशांना नेब्रास्काचं माळरान मोकळं पडलं होतं, आणि डेलमर काही बाहेर येईना.

"याचे पुढचे पाय आलेत!" म्हातारा खुशीत ओरडला. "धरा रे!"

तिघांनी मिळून ओढलं तेव्हा डेलमर चारी पायांवर बाहेर आला. गुडघे झाडत तो उठला. "गाडी चांगलीच आहे," तो म्हणाला. "पण माझ्या कोठारात ओल फार. लाल रंगाला सोसायची नाही. तूच ठेव, व्हर्लन."

"काल फोटोत तर कोरडं दिसत होतं," लॉर्ना म्हणाली, पण डेलमर चिलीकडे निघून गेला होता.

साडेचारला सह्या झाल्या. गाडी पुन्हा आत गेली, व्हर्लन पुन्हा छतातून बाहेर आला, आणि या वेळी त्याने शेवटी हातही हलवला. लॉर्नाने मोटरहोम मागे घेऊन एका दमात ट्रेलरला जोडली.

पावेल्काबाई कागद घेऊन आल्या. "एक सुचवू का? पुढच्या बाजूला विजेची चरखी बसवून देते. दोर गाडीला अडकवायचा, बटण दाबायचं, गाडी रिकामीच आत ओढली जाते. कुणी आत बसायला नको, की छतातून यायला नको. पंधरा मिनिटांचं काम आहे."

व्हर्लनने टेबलाकडे पाहिलं. टेबलापाशी कुणीतरी उशिरा आलेल्या बायकोला हातवारे करून सगळी हकिकत सांगत होता आणि मधूनमधून व्हर्लनकडे बोट दाखवत होता.

"वजन किती तिचं?" व्हर्लनने विचारलं.

"साठ पौंड."

मोटरहोमच्या ताकदीत अजून सहाशे चाळीस पौंड शिल्लक होते. आयुष्यात पाव इंचाची लबाडी न केलेल्या व्हर्लनला तो आकडा पाठ होता. लॉर्नालाही पाठ होता, तक्ता तिनेच टाइप केला होता.

"बसत नाही," व्हर्लन म्हणाला.

लॉर्नाने त्याच्याकडे पाहिलं. तो ताठ उभा होता, मिशीला साखर लागली होती, आणि घर विकल्यापासून पहिल्यांदाच तो चाळीस वर्षांपूर्वीचा व्हर्लन दिसत होता.

"साठ पौंड!" ती पावेल्काबाईंना म्हणाली. "नाही हो, आम्हाला नाही झेपायचं." आणि तिने गोधडीची घडी घालून ती मोटरहोमच्या दाराशीच, चटकन हाताला येईल अशी ठेवली.